रकान्यात गावाचं नाव

कमलबाई,

तुमची शोकसभा परवा झाली. सभागृह चांगलं होतं, पंखे चालू होते, आणि तुम्ही नसल्यामुळे भाषणाच्या मधेच उठून "पोरांना पाणी दिलं का?" असं कुणी विचारलं नाही. व्यासपीठावर सात खुर्च्या होत्या. त्या सातांपैकी एकालाही नाल्याकाठच्या तुमच्या वर्गाची वाट ठाऊक नव्हती, पण प्रत्येकाने तुम्ही ती उजळून टाकल्याचं सांगितलं. प्रमुख पाहुणे सव्वा तास उशिरा आले. आल्यावर त्यांचा सत्कार झाला. होय, शोकसभेत. शाली आणलेल्या होत्या, त्या परत कशा नेणार? दोन मिनिटांचं मौन मी घड्याळ लावून पाहिलं. चाळीस सेकंद भरलं. तपासणीची सवय जात नाही.

एका वक्त्याने तुम्हाला 'शिक्षणमहर्षी' म्हटलं. मी मागच्या रांगेत बसून तुमचं उत्तर ऐकलं : "महर्षी व्हायला दाढी लागती, साहेब."

मलाही दोन शब्द बोलायला सांगत होते. मी नको म्हणालो. मला जे बोलायचं होतं ते माईकवर बोलण्यासारखं नव्हतं. आणि खरं तर बावीस वर्षं तुमच्यासमोर बसून, तुमचा अति गोड चहा पिऊन, जे बोलता आलं नाही, ते तुमच्या हार घातलेल्या फोटोसमोर बोलण्यात कसला पराक्रम? म्हणून लिहितो आहे. तुम्ही वाचणार नाही हे माहीत आहे. माझे बरेच अहवाल कुणी वाचलेले नाहीत.

बावीस वर्षांपूर्वी मी शिक्षण खात्यात विस्तार अधिकारी होतो. वंचित वस्त्यांतल्या मुलांच्या शिक्षणासाठी सरकारचं अनुदान आलं होतं आणि ते मागणाऱ्या वर्गांची तपासणी करून अहवाल देण्याचं काम माझ्याकडे होतं. तपासणीच्या दिवशी काय काय होतं ते मला पाठ होतं. दारात रांगोळी, हातात गुलाब, फळ्यावर 'सुस्वागतम्', आणि आत शेजारच्या शाळेतून दोन तासांसाठी आणून बसवलेली मुलं. एकदा एकच मुलगा मला एका आठवड्यात दोन वर्गांत भेटला. मी त्याला ओळखलं, त्याने मला ओळखलं. आम्ही दोघांनीही सभ्यपणा पाळला.

तुमच्याकडे रांगोळी नव्हती. पत्र्याची शेड, एक फळा, शेणाने सारवलेली जमीन आणि पुढे बालवर्गातली चिल्लीपिल्ली. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत आणि म्हणालात, "मुआयन्याला आलात का? बसा. हजेरी चालू हाय, मधे बोलू नका."

तपासणीला 'मुआयना' म्हणणारी बाई मला बऱ्याच वर्षांनी भेटली होती. तो शब्द तुमच्या वडिलांचा, हे पुढे कळलं. सोयगावकडचे ते शेतकरी, निजामाच्या राज्यात उर्दूतून चार इयत्ता शिकलेले. पोलीस ॲक्शननंतर त्यांची शाळा मराठी झाली तेव्हाचं त्यांचं वाक्य तुम्ही मला किती वेळा ऐकवलं असेल : "जबान बदलली, पण मास्तर तोच अन् छडी बी तीच." मी त्याच्याइतकं नेमकं शैक्षणिक धोरण पुढे नोकरीत वाचलं नाही.

तर मी बसलो, आणि ती हजेरी ऐकली.

"रुक्साना."

"हजर."

"गणेश."

गणेशच्या जागेवर कुणी नव्हतं. शेजारचा मुलगा उठून म्हणाला, "बिडकीनला, बाई. भट्टीवर."

"मागच्याच भट्टीवर का?"

"व्हय. पण यंदा झोपडी पाण्याच्या टाकीपल्याड हाय."

तुम्ही लिहून घेतलंत. "सुनीता."

"मामाच्या गावाला. आजी लई आजारी हाय तिची."

"मंगल."

"हजर," म्हणून पुढच्या रांगेतली पाच वर्षांची मुलगी अशी ओरडली की मी दचकलो.

शेवटच्या नावापर्यंत असंच. जो नाही, तो कुठे आहे हे त्याच्या शेजाऱ्याने सांगायचं. शेजाऱ्याला ठाऊक नसेल तर त्याने संध्याकाळी त्या घरी जाऊन विचारून यायचं. हा तुमच्या वर्गाचा रिवाज होता. वस्तीतली निम्मी घरं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जायची आणि उन्हाळा संपता संपता परतायची, तेव्हा ही माहिती काही थोडी नव्हती.

मग मी हजेरीपत्रक हातात घेतलं. नोकरीत हजारो पाहिली असतील, असं एकही नव्हतं. गैरहजर मुलापुढे 'ग' लिहायची रीत. तुमच्या रकान्यांत 'ग' कुठेच नव्हता. त्या एवढ्याशा चौकोनांत बारीक अक्षरात गावं लिहिलेली होती. बिडकीन. पैठण. सोयगाव. मुंगीच्या रांगेसारखी गावांची नावं, पानभर.

"बाई, हे काय आहे?"

"हजेरी."

"रकान्यात गावाचं नाव लिहिता येत नाही. मूल एक तर हजर असतं, नाही तर गैरहजर."

"कोण म्हणतं?"

"नियम म्हणतो."

"पोरगं कुठं हाय ते मला ठाऊक हाय. रोज त्याचं नाव घेते. मग गैरहजर कसं लिहू? गैरहजर म्हंजे ज्याचा पत्ता नाय तो."

मी तुम्हाला समजावलं. अनुदानाला ठरावीक हजेरी लागते, तुमच्या पत्रकावरून ती मोजताच येत नाही, वगैरे. मग चहा आला आणि मी आवाज खाली आणून तुम्हाला सगळे करतात तो उपाय सांगितला. तपासणीसाठी दुसरं, स्वच्छ हजेरीपत्रक बनवा. तुमचं तुमच्यापाशी राहू द्या. मी आठ दिवसांनी पुन्हा येतो.

हे मी सुचवलं होतं बाई, हे मी विसरलेलो नाही. नियमाचा मोठा भक्त म्हणून माझी ख्याती होती.

तुम्ही बशीत चहा ओतलात. म्हणालात, "मंगलचा बाप दोनदा भट्टीवरून थोरल्या पोराची चप्पल न्यायला आला अन् मला म्हणाला, बाई, पोरं म्हणत्यात तुम्ही आमच्या सम्याचं नाव रोज घेता, खरं का? मी म्हणाले, व्हय. आता दुसरी वही करू अन् तिच्यात त्याला गैरहजर लिहू? एका पोराला दोन वह्या कशाला, साहेब?"

तुमच्या शेरेबुकात, म्हणजे तपासनीसाने आपलं मत लिहायच्या वहीत, मी एक ओळ लिहिली : 'हजेरीपत्रक नियमानुसार नाही.' सही केली, शिक्का मारला. ती ओळ खोटी नव्हती. तिच्यातला एक शब्दही आजवर कुणी चुकीचा ठरवलेला नाही. त्या ओळीवर अनुदान नामंजूर झालं.

अनुदानातून बालवर्गासाठी दुसरी शिक्षिका मिळायची होती. ती मिळाली नाही. एकटीने दोन वर्ग सांभाळणं तुम्हाला झेपेना, आणि पुढच्या दिवाळीनंतर बालवर्ग बंद झाला. ज्या आया भट्टीवर जाताना धाकट्यांना आजीपाशी, तुमच्या वर्गाच्या भरवशावर ठेवून जात, त्यांनी त्यांना बरोबर नेलं. मंगल त्यांतलीच. हे मला सहा महिन्यांनी कळलं, तेही तुमच्याकडून नाही. तुम्ही तक्रार केली नाही, खुलासा मागितला नाही. पुढच्या वर्षी मात्र नवा अर्ज घेऊन ऑफिसात आलात, काखेत तेच हजेरीपत्रक, तेच बारीक अक्षर. मी ते काम माझ्या सहकाऱ्याकडे ढकललं. त्या गृहस्थांनी तुमच्याकडे जाऊन शेजारच्या घरचे पोहे खाल्ले, हजेरीपत्रक उघडलंच नाही आणि अनुदान मंजूर केलं. नियम पाळणाऱ्याने वर्ग बंद पाडला, न पाळणाऱ्याने उघडला. यातून काही बोध निघतो का, हे मी अनेकदा पाहिलं. निघत नाही.

तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "भूक लागली होती बिचाऱ्यांना."

मी निवृत्त झालो त्या आठवड्यात तुम्ही पुंडलिकनगरला माझ्या घरी आलात. सोफ्याच्या कडेला बसून खोलीतली पुस्तकांची कपाटं पाहिलीत आणि म्हणालात, "एवढी सगळी एकट्यानं वाचता? गुरुवारी चारला येत जा. पोरांना वाचून दाखवा. पेन्शन नुसती बसून खाऊ नये, अंगी लागत नाय."

मी आलो. आधी भिडेपोटी, मग सवयीने, मग सांगायला लाजावं अशा ओढीने. मुलं मला 'साहेब' म्हणत, कारण तुम्ही म्हणायचात. मी कित्येकदा सांगितलं की आता मी कुणाचा साहेब नाही. "नावाला काय झालं," तुम्ही म्हणायचात, "शहराचं बदललं, तुमचं राहू द्या." तुमच्या भावाकडून सोयगावहून ज्वारी आली की माझ्यासाठी भाकरी आणि जाळ ठेचा डब्यात घालून आणायचात आणि मी डोळ्यांतून पाणी काढत खातोय हे मुलांना कौतुकाने दाखवायचात. आपण सगळ्यावर भांडलो. फळ्यावर सुविचार लिहावा की नाही. पंधरा ऑगस्टला पुढाऱ्याला बोलवावं की वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला. जोडाक्षरं आधी की पाढे आधी. फक्त त्या एका ओळीबद्दल कधी नाही. ती आपल्यात खुर्चीसारखी होती. तिला वळसा घालून दोघेही चालायचो.

अडीच महिन्यांपूर्वी मी तिला धडकलो. नवं अनुदान जाहीर झालं होतं, तुम्ही अर्ज भरत होतात आणि मी, जसा काही माझा शिक्का अजून खिशात आहे, म्हणालो, "या वेळी तरी हजेरीपत्रक सरळ ठेवा. मागच्यासारखं नको."

तुम्ही लिहीत होतात. मान वर केली नाही. "मागं काय झालतं?"

"मी चुकलो नव्हतो, बाई."

"नव्हताच चुकला, साहेब. तेच तर दुखणं हाय. चुकला असता तर कधीच विसरले असते."

शबाना तिथेच होती, तुमच्या हाताखाली शिकून आता तुमचा वर्ग सांभाळणारी. तिने पटकन मुलांना बाहेर काढलं. मी छत्री घेतली आणि निघालो. पुढच्या गुरुवारी आलो नाही. त्याच्याही पुढच्या नाही. नऊ गुरुवार. घरी बसून मी तुम्हाला उत्तरं देत राहिलो, एकाहून एक चांगली. नवव्या गुरुवारपर्यंत माझी बाजू इतकी भक्कम झाली होती की तिच्यात फक्त तुम्ही येऊन राहण्याची खोटी होती. आणि दहाव्या गुरुवारी मी आलो, बाई. तुमच्या मातीला.

शोकसभा संपल्यावर शबाना माझ्याकडे आली. तिच्या पिशवीत तुमचं हजेरीपत्रक होतं. सोमवारी नव्या अनुदानाची तपासणी आहे. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "सर, दुसरं बनवू का? दोन रात्रीत होईल. सगळीकडे 'ग' करून टाकते. बाईंना आवडलं नसतं, पण आता पोरांचं बघायला पाहिजे ना?"

मला बावीस वर्षांपूर्वीचा माझाच आवाज ऐकू आला. मी म्हणालो, आधी हे वाचू दे.

रात्रीची वाट कशाला पाहू, घरी येऊन दुपारीच वाचायला बसलो. नव्या अर्जासोबतची सरकारी माहितीपत्रिकाही शेजारी ठेवली होती. तिच्या तिसऱ्या पानावर एक तक्ता आहे. कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतली मुलं सध्या कुठे आहेत, कधीपासून, कधी परततील. मोठं भारदस्त नाव दिलंय त्या तक्त्याला, ते सांगून तुम्हाला हसवत नाही. पण बाई, तो तुमचा रकाना आहे. एवढ्या वर्षांनी सरकार तोच प्रश्न विचारतंय जो तुम्ही रोज दुपारी तीन वाजता विचारत होतात. शहरातल्या कितीतरी वर्गांना तो तक्ता मनाने भरावा लागेल. तुमचा आम्ही पाहून भरू शकतो. गणेशच्या मुलाची झोपडी टाकीच्या कुठल्या बाजूला आहे इथपर्यंत.

मग मी पान उलटलं आणि मुलांच्या नावांखाली, शेवटच्या क्रमांकापुढे, माझं नाव दिसलं.

मला हे कधी कळण्याची सोय नव्हती. हजेरी तीनला व्हायची, मी चारला यायचो. आलो तर तुम्ही मागाहून खूण करत असणार. आणि नाही आलो त्या गुरुवारी रकान्यात तुमचं बारीक अक्षर. 'पुणे, मुलीकडे.' 'दाताचा दवाखाना.' 'जालना, लग्नाला. जेवण चांगलं असंल.' एकदा नुसतंच 'पुस्तक वाचत बसले.' ते खरं होतं. कुठल्या पोराला शेजारी म्हणून नेमलं होतंत माझ्यासाठी? शबानाला फोन लावला. ती म्हणाली, "मंगलचा मुलगा. तो पुंडलिकनगरला दूध द्यायला जाणाऱ्या काकाला विचारून यायचा."

मंगलचा मुलगा. मंगल तीन वर्षांनी परतली होती हे मला माहीत होतं. पहिलीच्या वर्गात शेवटच्या रांगेत बसायची, सगळ्यांहून उंच. तुमच्या मातीला ती माझ्या शेजारी उभी होती. पदराने तोंड पुसून म्हणाली, "तीन वर्सं बाईनं माझं नाव घेतलं म्हणं. म्हून तर आईनं मला परत आणून बसवलं." ती माझ्याकडे रागाने बघत नव्हती. त्या वेळी मी कोण होतो हे तिला बहुधा ठाऊकही नाही. मी सांगितलं नाही.

शेवटचे नऊ गुरुवार मी सर्वांत शेवटी वाचले. पहिल्याला 'पुंडलिकनगर, घरी. रागावलेत.' दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला 'पुंडलिकनगर, घरी', राग गेलेला. माझा गेला नव्हता, तुम्ही मात्र रकान्यातून काढून टाकलात. पुढेही तेच, आठव्यापर्यंत. नवव्याला अक्षर थोडं हललेलं : 'पुंडलिकनगर, घरी. येतील.'

दहावा शबानाच्या अक्षरात आहे. वर्ग त्या दिवशी बंद होता, तरी संध्याकाळी तिने घरी बसून तो रकाना भरला. पहिल्या नावापासून शेवटच्यापर्यंत एकच शब्द, खाली खाली उतरत गेलेला. 'मातीला.' 'मातीला.' 'मातीला.' भट्टीवरची कुटुंबंही आली होती त्या दिवशी. तुमच्या वर्गात पहिल्यांदाच सगळी मुलं एका ठिकाणी होती. शेवटच्या क्रमांकापुढेही तेच लिहिलंय.

मी चष्मा पुसून ठेवला. पुढचं वाचण्यासारखं काही नव्हतंच.

आज गुरुवार. मी तीनला गेलो. शबाना हजेरी घेत होती. मधे बोललो नाही. शेवटी तिने माझं नाव घेतलं आणि जरा संकोचली. मी उठून 'हजर' म्हटलं. बसताना गुडघा वाजला, मुलं हसली.

मग शबानाला सांगितलं की दुसरं हजेरीपत्रक बनवायचं नाही. हेच दाखवायचं, आणि तिसऱ्या पानावरचा तक्ता आपण दोघं यावरूनच भरू. अनुदान मिळेल का, माहीत नाही. येणारा अधिकारी पोहे खाणारा निघतो की माझ्यासारखा, यावर आहे. माझ्यासारखा निघाला तर मी त्याच्याशी बोलेन. त्या जातीच्या माणसाशी कसं बोलावं हे माझ्याइतकं कुणाला कळणार?

शेवटी शेरेबुक मागितलं. तेच जुनं. तुमच्याकडे तपासायला फारसं कुणी येत नसल्यामुळे ते अजून भरलेलं नाही. बावीस वर्षांपूर्वीचं पान काढलं. माझी ओळ, माझी सही, फिकट झालेला गोल शिक्का. खाली अर्धं पान कोरं होतं. मी तिथे लिहिलं :

'हजेरीपत्रक पुन्हा तपासले. बरोबर आहे. मागील शेरा चुकीचा होता.'

शबानाने वाचलं. "सर, पण तुम्ही तर रिटायर झालात. हे चालेल का?"

"नाही चालणार," मी म्हणालो. "नियमात बसत नाही."

आणि सही केली.